ॲल्विनच्या बीएसएची सुई

नोरीन टिबिट्स खुर्चीत बसून, कप दोन्ही हातांत धरून शांतपणे चहा पितेय, हे दृश्य माझ्या नशिबात आलं नाही. ती चहा उभ्यानं प्यायची आणि तोही अर्धाच. उरलेला अर्धा कप मग कुठेही सापडायचा. खिडकीत, पायरीवर, कारखान्यात असताना प्रेसच्या कडेवर. एकदा तर मॅनेजरच्या मोटारीच्या टपावर सापडला, आणि कप तिथे विसरून राहिला होता यावर मी आजही विश्वास ठेवत नाही.

इंग्लंडातल्या क्रॅडली हीथ या साखळ्या घडवणाऱ्या गावात तिचं घर माझ्या घरासमोर. आम्ही दोघं एकाच कारखान्यात. ती साखळीचे हुक ठोकायची, मी भट्टीवर आणि वर युनियनचा प्रतिनिधी. म्हणून ती मला नावानं कधी हाक मारत नसे. पुढारी म्हणायची. "काय पुढारी, आज कुणाचं राज्य उलथवायचंय?" बायकांना पुरुषांइतकी मजुरी मिळावी म्हणून आम्ही भांडलो तेव्हा मी भाषण करत होतो आणि ही बाई माझ्या मागे उभी राहून, ऐकू जाईल अशा आवाजात, "आटप आता" म्हणत होती. माझं डोकं फिरलं होतं. पण मी आटपलं, आणि मग तिनं दोन वाक्यांत सगळ्या बायकांना यंत्रांवरून उठवून बाहेर आणलं. हे मी इथे लिहून ठेवतो, कारण युनियनच्या इतिहासात ते माझ्या भाषणाच्या खात्यावर जमा आहे.

ब्याऐंशीच्या सुरुवातीला कारखाना बंद झाला. आमच्या भागात त्या वर्षी कारखाने मटकन बसत होते, एकामागून एक. नोरीन साठीला आलेली. दुसरं काम मिळणार नाही हे तिला कळत होतं, पण तिच्या हातापायांना ते कोण सांगणार? तिनं पुढच्या खोलीची भिंत खरवडून काढली आणि गिलावा अर्ध्यावर सोडला. मागच्या अंगणात बटाट्यासाठी खणायला घेतलं आणि कुदळ मातीत तशीच उभी ठेवून शेजाऱ्याचं पन्हाळ नीट करायला गेली. तिच्या अंगणात सुट्या केलेल्या सायकली होत्या, एक शिवणयंत्र होतं, कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र होतं. सगळं उघडलेलं, आणि परत जोडलेलं काहीच नाही.

त्यातच तिचा थोरला भाऊ ॲल्विन गेला. छातीनं गेला, भट्टीवर आयुष्य काढलेली माणसं जशी जातात तसा. त्याच्या मागे बायको मर्ल, दोन गल्ल्या पलीकडचं भाड्याचं घर, आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली सदतीस सालची बीएसए मोटरसायकल. पाचशे सीसी, एकच मोठा सिलिंडर. ॲल्विननं ती लढाईच्या आधी जुनी म्हणून घेतली आणि नोरीननं त्याच्याबरोबर मागे बसून सगळा वेल्स पाहिला. हॅंडल मात्र तिच्या हातात कधी आलं नाही. तिला येत नव्हतं असं नाही. लढाईत तिनं लष्कराच्या मोटरसायकली तपासायचं काम केलं होतं. दिवसभर त्या मैदानात फिरवायच्या आणि कुठे काय वाजतं ते सांगायचं. पण घरातली गाडी ती भावाची, असं त्यांच्या बापानं ठरवून टाकलं होतं आणि ॲल्विननं ते बदलायची तसदी घेतली नाही. चांगला माणूस होता, पण या बाबतीत गाढव होता.

मर्लला हेल्सओवनला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. शेड रिकामी करायला हवी होती. वूस्टरकडचा रडॉक नावाचा जुन्या गाड्यांचा व्यापारी पुढच्या शनिवारी व्हॅन घेऊन येणार, असं ती म्हणाली आणि नोरीन तिथेच, मर्लच्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या पेटली.

"माझ्या भावाची गाडी तू त्या वूस्टरवाल्याला देणार?"

"माझ्या नवऱ्याची," मर्ल म्हणाली. ती वाटाणे सोलत होती. मर्ल हळू बोलायची, हळू चालायची, आणि तिचं सुरू केलेलं काम अर्धं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. या दोघी एकमेकींना चाळीस वर्षं कशा सहन करत आल्या ते त्यांनाच माहीत. "तुला देऊन काय होणार? तू ती खोलशील. मग ती तुझ्या त्या सायकलींशेजारी पडेल आणि पावसात गंजेल. त्यापेक्षा वूस्टरवाला बरा. तो पुसून तरी ठेवेल."

नोरीननं माझ्याकडे पाहिलं. मी वाटाण्यांकडे पाहिलं.

"चालू करून दाखवली तर?" नोरीन म्हणाली.

मर्लनं पुढची शेंग फोडली. "शनिवारी तो यायच्या आत चालू करून दाखव आणि घेऊन जा. नाही झाली तर त्याची. आणि नंतर माझ्या दारात येऊन तमाशा करायचा नाही. पुढारी, तू साक्षीला."

असा मी त्यात अडकलो. मला कार्ब्युरेटरमधलं ओ की ठो कळत नाही. मला फक्त कोण कुणाला लुबाडतंय ते कळतं.

त्याच दुपारी शेडमध्ये नोरीननं ताडपत्री फेकली, टाकीत ताजं पेट्रोल ओतलं आणि पेट्रोलचा नळ उघडला. मी वाकून बघत होतो. पेट्रोल पाइपातून आलं, कार्ब्युरेटरच्या कडेनं भळाभळा वाहिलं आणि थेट माझ्या बुटात गेलं. माझ्याकडे बरे बूट एकच होते, मोर्च्याला घालायचे.

"अगं बंद कर, बंद कर."

तिनं नळ बंद केला आणि खदखदून हसली. मग हसता हसता थांबली. कार्ब्युरेटरच्या बाजूला पेट्रोलचा एक छोटा डबा असतो, तिनं त्याचं झाकण फिरवून काढलं. आत पितळेचा पोकळ फ्लोट होता. डब्यात पेट्रोल भरत आलं की तो तरंगत वर येतो, आणि त्याच्या मधोमध बसवलेली बोटाएवढी पितळी सुई पेट्रोलचं भोक बंद करते. फ्लोट होता, पण सुई नव्हती.

"काढून ठेवलीय त्यानं," नोरीन म्हणाली. "अजून. मरेपर्यंत."

चाळीस सालच्या उन्हाळ्यात सरकारचा हुकूम होता की गाडी सोडून जाताना तिचा एखादा भाग काढून बरोबर न्यायचा. जर्मन सैनिक हवाई छत्रीनं उतरतील आणि मिळेल त्या गाडीवर टांग मारून निघतील, अशी भीती होती. कुणी मोटारीतला एखादा भाग काढायचं, कुणी तार. ॲल्विन फ्लोटची सुई काढायचा. म्हणजे जर्मनानं नळ उघडला तर त्याच्या बुटात पेट्रोल जाईल. लढाई संपली, हुकूम गेला, सगळ्यांनी ते सोडून दिलं. ॲल्विननं सोडलं नाही. दुकानात जाऊन पाव आणायचा असला तरी सुई काढून खिशात.

"जर्मनाला क्रॅडलीतून बाहेर पडायचा रस्ता सापडला असता तर मीच त्याला पदक दिलं असतं," नोरीन म्हणाली आणि शेडमधले डबे उपडे करायला लागली. खिळे, वायसर, जुन्या चाव्या, सगळं जमिनीवर. तंबाखूचे डबे झाले, खण झाले, कोटाचे खिसे झाले. मग आम्ही घरात गेलो.

"मर्ल, तो ती सुई कुठे ठेवायचा?"

"वेस्टकोटाच्या खिशात. आणखी कुठे?"

"कुठल्या?"

"निळ्या." आणि मर्लचा हात वाटाण्यांच्या भांड्यावर थांबला.

निळ्या वेस्टकोटात आम्ही ॲल्विनला पुरलं होतं. ते कपडे मर्लनंच काढून दिले होते. अंत्यविधी करणाऱ्या माणसानं विचारलं होतं, खिशात काहीतरी टोचतंय, काढू का? आणि तिला वाटलं, त्याची पेन्सिल असेल. त्याच्या खिशात कायम पेन्सिल असायची. असू दे म्हणाली होती ती. बरोबर असू दे त्याच्या.

मग नोरीनला हसू फुटलं. तिनं भिंतीला हात टेकले आणि खोकला येईपर्यंत हसली. "मेल्यावरही नेऊ देत नाही गाडी. मेल्यावरही, मर्ल."

मर्ल हसली नाही. उठली आणि चहाचं पाणी ठेवायला गेली, आणि तिथे बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

बर्मिंगहॅममधल्या दुकानदारानं फोनवर सांगितलं की ही सुई मागवावी लागेल, तीन-चार आठवडे. नोरीननं त्याचं पुढचं बोलणं न ऐकताच फोन ठेवला. रविवारी स्टॅफर्डकडे जुन्या सुट्या भागांचा बाजार भरणार होता. पहाटे उजाडायच्या आत आम्ही माझ्या व्हॅनमधून निघालो. तिनं फ्लोटचा डबा मोज्यात गुंडाळून पर्समध्ये ठेवला होता आणि सिग्नलला थांबलो की ती दार उघडून खाली उतरू बघायची.

"कुठे चाललीस?"

"थांबलायस ना?"

मैदानात चिखल. शेतातल्यासारखी माणसं वाकून चाललेली, पण हातात टॉर्च, आणि जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रींवर गंजलेलं लोखंड. नोरीन पळत होती आणि मी मागे. प्रत्येक जण तिचा प्रश्न ऐकायचा आणि उत्तर मला द्यायचा. मी चार-पाच वेळा सहन केलं. सहाव्याला म्हणालो, "अरे बाबा, विचारतंय कोण? माझ्या तोंडातून बाईचा आवाज आला का तुला?" तो घाबरून म्हणाला, नाही साहेब. पुन्हा मलाच.

शेवटच्या ओळीत डग्मोर नावाचा एक म्हातारा घडीच्या खुर्चीवर बेकन सॅंडविच खात बसला होता. त्याच्यासमोर फक्त डबे, आणि डब्यांत सुया, जेट, स्प्रिंगा. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"डबा आणलायस का, बाई?" त्यानं नोरीनला विचारलं. "डबा आणल्याशिवाय मी सुई देत नाही. लोक अंदाजानं नेतात आणि पुढच्या रविवारी मला शिव्या द्यायला येतात."

तिनं मोज्यातून डबा काढला. डग्मोरनं सॅंडविच गुडघ्यावर ठेवलं, हात पँटला पुसले, आणि एकेक सुई डब्यात घालून फ्लोटची क्लिप तिच्या खाचेत बसते का ते बघू लागला. नोरीन एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"ही लांबीला बरोबर आहे," तो म्हणाला. "खाचही जागेवर आहे. पण टोक झिजलंय, हे बघ, कड दिसते. अशी लावलीस तर गळेल. पितळ पॉलिश करायचं मलम असतं ना, ते टोकाला अगदी इवलंसं लावायचं. भोकात बसवून बोटांत फिरवायची. इकडे, तिकडे. जोर द्यायचा नाही. थोड्या वेळानं धुवायची, पेट्रोल घालून बघायचं, गळतं का. गळलं तर परत."

"किती वेळ?"

"बसेपर्यंत."

"म्हणजे किती?"

डग्मोरनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, चिखलात हलणाऱ्या बुटांपर्यंत. "तुझ्याकडे दुसरं कुणी आहे का घरात? निवांत माणूस?"

"मीच आहे."

"मग जपून कर, पोरी. घाई केलीस तर सुईचं काही नाही, पण डब्यातलं भोक वाकडं होईल. भोक गेलं की सगळा डबा गेला. आणि तसला डबा माझ्याकडे नाही."

सोमवारी तिनं सुरू केलं. मी संध्याकाळी गेलो तर डबा टेबलावर, सुई बशीत आणि ही बाई गिलाव्याची थापी घेऊन भिंतीशी. मंगळवारी सुई फिरवता फिरवता तिला घड्याळाचं टिकटिक ऐकवेना, म्हणून तिनं घड्याळ खोललं. प्रत्येक वेळी पेट्रोल घातलं की खालून थेंब. थेंब, थेंब, थेंब. बुधवारी मी तिला म्हणालो, "अगं, दहा मिनिटं बस ना एका जागी." त्यावर ती मला जे म्हणाली ते छापण्यासारखं नाही.

गुरुवारी मर्ल आली. स्वतःहून नाही आली. तिला रडॉकच्या व्हॅनसाठी शेडची चावी हवी होती आणि ती नोरीनकडे होती. फाटकाशी माझी तिची गाठ पडली. दार उघडंच होतं. आम्ही दोघं आत शिरलो तेव्हा नोरीननं सुई इलेक्ट्रिक ड्रिलच्या तोंडात पकडली होती. खाली फ्लोटचा डबा शिकंज्यात, आणि तिचं बोट बटणावर.

मर्ल भिंतीपर्यंत गेली, प्लग खेचून काढला आणि वायर हातात गुंडाळली.

"दे इकडे."

"मर्ल, तू मध्ये..."

"दे म्हणते ना. सुई दे."

नोरीननं सुई दिली. मर्ल खुर्चीवर बसली, कोट न काढता. डबा मांडीवर, सुई बोटांत. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे. चाळीस वर्षं तिनं विणकामात जसे टाके घातले तशी, न बघता. एकदा फक्त म्हणाली, "टीव्ही लाव. माझी मालिका आहे." आम्ही टीव्ही लावला. मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडलं, आणि मर्लची बोटं थांबली नाहीत. मध्येच तिनं सुई धुतली, टोक उजेडात धरलं, पुन्हा मलम लावलं. नोरीन खिडकीशी उभी, मग दाराशी, मग परत खिडकीशी.

"तू मला जिंकू देतेस की काय?" नोरीननं शेवटी विचारलं.

"नाही," मर्ल म्हणाली. "त्याची सुई मी घालवली. ती बसवते. पुढचं तुझं तू बघ."

आणि डब्यात पेट्रोल घातलं तेव्हा खाली थेंब आला नाही. आम्ही तिघं त्या कोरड्या डब्याखाली माना वाकवून बघत राहिलो, जणू तिथे काही दिसणारच आहे.

शनिवारी सकाळी शेडसमोर गाडी. डबा जागेवर, पाइप जागेवर, नळ उघडा, माझे बूट सुरक्षित अंतरावर. नोरीननं किक मारली. काही नाही. पुन्हा. काही नाही. पुन्हा मारली तर किकनं उलटा तडाखा दिला आणि तिच्या नडगीला लागलं. ती लंगडत एक चक्कर मारून आली आणि पुन्हा मारली. आठ-दहा किका झाल्या. घाम, शिव्या, आणि गाडी गप्प. व्हॅन गल्लीच्या तोंडाशी वळताना दिसली.

मर्ल पायरीवर उभी होती. "खटका मागे घ्यायचा तो," ती म्हणाली.

"काय?"

"हॅंडलवरचा तो खटका. मला बघायला कुठे मिळालं, पण आधी खटक्याचा आवाज यायचा. मग एक लाथ हळू, रिकामी. मग शिवी. मग दुसरी लाथ."

नोरीननं हॅंडलवरचा ठिणगीचा खटका मागे ओढला, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि किक उलटत नाही. एक किक हळू. शिवी दिली. मग पूर्ण वजन टाकून दुसरी.

गाडी चालू झाली. त्या गल्लीतल्या खिडक्या थरथरल्या. एकेक ठोका सुटा, मोठा, जसा घणाचा. मर्लनं दाराची चौकट धरली आणि तोंड आत वळवलं.

रडॉक व्हॅनमधून उतरला तो हसत. चांगला कोट, चांगले बूट. गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून ऐकलं आणि मर्लकडे वळला. "मिसेस टिबिट्स, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत. चालू गाडी म्हणजे प्रश्नच वेगळा. मी बोललो होतो त्याच्या दुप्पट देतो. आत्ता, रोख."

माझ्या कानशिलात घण वाजायला लागले. त्याला दुप्पट द्यायला परवडत होतं, म्हणजे आधीची बोली काय लायकीची होती ते मी त्याला सांगणार होतो. पण मर्लचा चेहरा पाहिला आणि गप्प बसलो. हेल्सओवनच्या फ्लॅटला गालिचा नव्हता, चूल नव्हती. आमच्यात झालेला शब्द कुठे लिहिलेला नव्हता, साक्षीदार मी एकटा, आणि मी साक्ष द्यायला तोंड उघडलं असतं तर त्या बाईला तिच्याच दारात खोटं पाडलं असतं. इंजिन ठोके देत होतं.

आणि नोरीन? नोरीनला यातलं एक अक्षरही ऐकू गेलं नव्हतं. ती गुडघ्यावर बसून कार्ब्युरेटरला कान लावून होती. "जरा अडखळतेय," ती म्हणाली आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून कुठला तरी स्क्रू फिरवला. इंजिन खोकलं. तिनं उलट्या बाजूला फिरवला. आणखी खोकलं. तिचा दुसरा हात फ्लोटच्या डब्याच्या झाकणावर गेला.

"हात काढ," मर्ल ओरडली. मी मर्लला ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. ती पायरीवरून खाली आली आणि नोरीनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला. "हात लावू नकोस त्याला. मी बसवलंय ते. दोन दिवस तरी चालू दे, मग काय मोडायचं ते मोड. बस गाडीवर. बस आधी. घरी ने."

"बघ ना, अडखळतेय."

"अडखळू दे. तो होता तेव्हाही अडखळायची."

रडॉक खाकरला. "मिसेस टिबिट्स, आपलं बोलणं..."

"गेल्या आठवड्यात ती बंद होती," मर्ल म्हणाली. "तेव्हा तुम्ही दुप्पट बोलला असतात तर दिली असती."

"पण ती बंद होती."

"हो ना."

रडॉकनं माझ्याकडे पाहिलं, पुरुषानं पुरुषाकडे बघावं तसं. मी त्याला गल्लीतून व्हॅन मागे कशी घ्यायची ते सांगितलं. जरा जास्तच मोठ्या आवाजात सांगितलं असेल.

नोरीन गाडीवर बसली. पाय जमिनीला कसेबसे पोहोचत होते. तिनं हॅंडल पकडलं, क्लच दाबला, गियर टाकला, आणि मर्लला काही म्हणायला तोंड उघडलं. पण बोलायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिच्याकडे कधीच नव्हता. गाडीनं उडी मारली आणि गल्लीतून बाहेर गेली. घर डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली.

मर्लनं पायरीवर चहा आणला, तीन कप. आम्ही दोघांनी घेतला. तिसरा वाफाळत राहिला. आवाज स्टेशनकडे गेला, पुलाखालून गेला, आणि मग टेकडी चढायला लागला. मर्ल मान तिरकी करून ऐकत होती.

"दुसरा गियर टाकला," ती म्हणाली. थोडं थांबून, "तिसरा. चढावर. ॲल्विन तिथे तिसरा टाकायचा नाही."

आवाज टेकडीच्या माथ्यावर पातळ झाला आणि पलीकडे उतरला. आता येईल, मग येईल, असं म्हणत मी फाटकापर्यंत जाऊन आलो. मर्ल हलली नाही. तिच्या हातात अजून तो स्क्रूड्रायव्हर होता.

"इन्शुरन्स काढलाय का तिनं?" मी विचारलं.

"तिनं? अर्धा अर्ज भरला असेल," मर्ल म्हणाली, आणि कोट घ्यायला आत गेली.